पत्र्याला भोक न पाडता

राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी, अलीकडे आगरदांडा. फेरीबोटीने खाडी ओलांडली की रस्त्याचा लांबचा वळसा वाचतो, म्हणून या धक्क्यावर छोट्या गाड्यांची ये-जा कायम असते. इंजिन ठणठणीत, पण रंग विटलेला, अशा गाडीला साठ-सत्तरच्या दशकातलं रूप द्यावं ही हौस आता पुष्कळांना वाटते. त्यामागचं एक कारण उघड आहे. मुंबईत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. तिची वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून हटली. रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी झाली की तिचा गोल दिवा आणि चकचकीत जाळी आठवायला लागते. हौसेला हरकत नाही. मात्र समुद्रकाठी ती पुरवताना एक मर्यादा पाळावी लागते: जे पत्र्यावर बसतं ते खुशाल बदलावं, जे पत्र्यात घुसतं त्याच्या वाटेला जाऊ नये.

एवढ्याने जुनं रूप कसं येणार, असं कोणी विचारेल. उत्तर जपानात मिळतं. निसानने १९८७ साली आपल्या साध्या ‘मार्च’ या छोट्या गाडीच्या सांगाड्यावर ‘बी-वन’ काढली. ती दहा हजारच बनवायची ठरली होती आणि मागणी इतकी आली की सोडत काढावी लागली. मग ‘पाओ’ आली आणि १९९१ साली ‘फिगारो’: वीस हजार गाड्या, चार ऋतूंचे चार फिके रंग आणि वर पांढरं छत. या गाड्यांची अंगं कारखान्यातच नव्याने घडवलेली होती, ती नक्कल गावातल्या गॅरेजमध्ये होणार नाही. पण त्यांच्याकडे नीट पाहिलं तर जुनेपणाचा बराचसा भास रंगातून येतो, हे ध्यानात येतं. दुधाळ, मऊ रंग, छत वेगळं, खिडक्यांखालून गेलेली एक बारीक रेघ, काळ्या मिश्र धातूच्या चाकांऐवजी अंगाच्याच रंगाचं लोखंडी चाक आणि त्यावर गोल झाकण. अल्टोसारख्या गाडीवर हे सगळं पत्रा न कापता होतं.

पत्रा का कापायचा नाही, हे समजायला कारखान्यात डोकवावं लागेल. गाडीचं उघडं अंग तिथे प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो थर पत्र्यावर चढवतात. दाराच्या आतल्या पोकळीत, जिथे कुठल्याही पेंटरचा हात जात नाही, तिथेही तो पोहोचतो. गॅरेजमध्ये हे पुन्हा करता येत नाही. आता दारावर चकचकीत पट्टी बसवायची म्हणून चार मिलिमीटरचं भोक पाडून स्क्रू आवळला, तर भोकाच्या कडेला पत्रा उघडा पडतो. वर स्टीलचा स्क्रू, खाली साधं लोखंड आणि मध्ये खारं पाणी: विजेच्या सेलला याहून काही लागत नाही, आणि त्यात झिजतं ते लोखंड. पाऊस नसला तरी सुटका नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतून पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेत ओलं राहतं. त्यामुळे किनाऱ्यावर उभी असलेली, वरून कोरडी दिसणारी गाडी फटींमध्ये ओलीच असते. आधी स्क्रूखालून तपकिरी ओघळ येतो, मग रंगाला फोड येतो, आणि फोड खरवडला की बोट आरपार.

म्हणून पट्टी हवीच असेल तर प्लास्टिकची घ्यावी आणि भोक न पाडता चिकटवावी. यावर हौशी मंडळींचा पहिला आक्षेप असा की प्लास्टिकची चमकपट्टी चिकटवणं म्हणजे बेगडी काम. खरं क्रोम हवं. पण खरं शोभेचं क्रोम म्हणजे निकेलवर चढवलेला मायक्रॉनहूनही पातळ थर, आणि त्याला सूक्ष्म भेगा असतातच. त्यांतून मीठ खाली उतरलं की लोखंडी बंपरला देवीचे व्रण पडतात. प्लास्टिकवरचं क्रोम फार तर सोलपटून निघेल, गंजणार नाही. आगरदांड्यात बेगडीच जास्त टिकतं, त्याला इलाज नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्याकडचे कारागीर काय वाटेल ते घडवतात, मग त्यांना रंगापुरतं का अडवायचं? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने भंगारातून, दुचाकीच्या किकने सुरू होणारी जीपसारखी गाडी बनवली होती. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि ही नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. कौशल्य आणि परवाना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या कौतुकातच आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा इथे रुक्ष वाटतो, पण अवाजवी नाही. मूळ दिवा काढून गोल दिवा बसवला तर समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश तपासायचा कोणी? राहवत नसेल तर मूळ दिव्याभोवती काचेवर न येणारी गोल चौकट चिकटवावी.

रंगाचं मात्र कागदावर यायला हवं. तो आरसी बुकात नोंदलेला असतो. बदलला तर पेणच्या आरटीओत नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावं. जुन्या काळासारखी काळी नंबर प्लेट लावायचा मोह टाळावा, कारण काळ्यावर पिवळी अक्षरं आज भाड्याने देऊन स्वतः चालवायच्या गाड्यांसाठी राखीव आहेत. काळा-पिवळा रंगही नको. प्रत्येक नाक्यावर कोणीतरी हात दाखवेल.

राहिला प्रश्न रंग की रॅपिंग. रॅपिंग स्वस्तात काढता येतं, पण दाराच्या कडेला त्याची धार सुटली की आत खारं पाणी साचून राहतं, आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. जुन्या गाडीवर, जिथे आधीच कुठे कुठे गंज आहे, तिथे रंगच बरा: गंज घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत जायचं, मग प्रायमर, मग रंग. पुट्टीने गंज झाकून वर क्रीम रंग मारणारा पेंटर असेल तर गाडी परत घेऊन यावी. काम दिवाळीनंतर काढावं. दमट हवेत मारलेल्या लॅकरवर पांढुरकी झाक चढते.