विजेचा हौद

छत्रपती संभाजीनगर शहरात खाम नदीच्या काठी पाणचक्की नावाची एक जुनी वास्तू आहे. शहराबाहेरील डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून, काही किलोमीटर अंतरावरून येथे आणलेले आहे. ते उंचावरून खाली पडे, त्याच्या जोराने चाक फिरे, चाकाबरोबर दगडी जाते फिरे आणि दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी पीठ दळले जाई. डोंगरातून पाणी सतत येत असे, म्हणून चक्कीला खंड नसे. परंतु समजा, हे पाणी येणे बंद झाले आणि एका हौदात साठवलेल्या पाण्यावरच चक्की चालवण्याची वेळ आली, तर ती किती वेळ चालेल? हौद केवढा आहे आणि आपण पाणी किती वेगाने सोडतो, या दोन गोष्टींवर ते अवलंबून राहील.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांना हातात धरून खेळण्याचा व्हिडिओ गेम ठाऊक असेल. खेळ ऐन रंगात यावा आणि यंत्राने एकाएकी डोळे मिटावेत, हा अनुभवही नवा नसेल. अशा वेळी ‘बॅटरीच खराब आहे,’ असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. पण बॅटरी म्हणजे विजेचा हौदच होय. तो लवकर रिता होत असेल, तर हौद लहान झाला की खर्च वाढला, हे आधी पाहिले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने २०१७ साली ‘स्विच’ नावाचे खेळयंत्र काढले. त्याच्या बॅटरीत सुमारे १६ वॉट-तास वीज मावते. हे यंत्र खेळानुसार अडीच ते साडेसहा तास चालते, असे कंपनीने सांगितले. आता भागाकार करून पाहा. १६ ला ६.५ ने भागले, तर साधारण अडीच वॉट येतात, २.५ ने भागले, तर ६.४ वॉट येतात. म्हणजे साध्या खेळाला जेवढी वीज लागते, तिच्या अडीचपटीहून अधिक वीज एखादा भारी खेळ खातो! यंत्र तेच, बॅटरी तीच. फरक केवळ खर्चाचा. पुढे २०१९ साली याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिची बॅटरी तेवढीच होती; परंतु आतील गणनयंत्र कमी विजेत काम करणारे होते. त्यामुळे ती साडेचार ते नऊ तास चालू लागली. हौद न वाढवता चक्की अधिक वेळ चालली ती अशी.

काटकसरीचे हे मर्म पूर्वीच ओळखणारा एक कल्पक मनुष्य याच कंपनीत होऊन गेला. त्याचे नाव गुनपेई योकोई. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याच्या कामापासून त्याने तेथे आरंभ केला होता. नव्या आणि महागड्या साधनांमागे न धावता, जुन्या, स्वस्त व पारखलेल्या साधनांचा नवा उपयोग शोधावा, असे त्याचे मत होते. १९८९ साली त्याच्या देखरेखीखाली ‘गेम बॉय’ हे खेळयंत्र तयार झाले. त्याच्या पडद्याला रंग नव्हते आणि स्वतःचा प्रकाशही नव्हता. पण नेहमीच्या चार सेलांवर ते पंधरा तास आणि त्याहूनही अधिक चाले. पुढल्याच वर्षी सेगा कंपनीचे ‘गेम गिअर’ आले. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ होता. परंतु सहा सेल घालूनही ते तीन ते पाच तासांतच थांबे. खेळणाऱ्यांनी कोणाला पसंती दिली? गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे जगभर खपली. गेम गिअर फार मागे राहिले.

यावरून आपणही बोध घ्यावा. पडद्याचा प्रकाश हा विजेचा एक मोठा खर्च आहे. तो खोलीतील उजेडाला पुरेल इतकाच ठेवावा. एकट्याने खेळताना वायफाय लागत नसेल, तर ते बंद करावे. हातात थरथर उठवणारी सोय आणि मोठा आवाज यांनाही वीज लागते. खेळ संपल्यावर यंत्र नुसते बाजूला न टाकता झोपवून ठेवावे, आणि दीर्घकाळ वापरायचे नसेल, तर पूर्ण बंद करावे.

इतके करूनही यंत्र पूर्वीपेक्षा लवकर थांबू लागले, तर मात्र हौदच लहान झाला असे समजावे. आजच्या यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी असते. यंत्र चालू असताना लिथियमचे विद्युतभारित कण बॅटरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि भारण करताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे कण वाटेत अडकून पडतात. हौदात गाळ साचावा, तसेच हे होय. स्विचची बॅटरी सुमारे आठशे वेळा भारल्यावर तिची शक्ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते, असे तिचे निर्मातेच सांगतात.

हा गाळ पूर्णपणे टाळता येत नाही. मात्र त्याची गती कमी करता येते. त्याचा मोठा मित्र म्हणजे उष्णता. स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे, असे निर्माते सांगतात. आणि आपल्या मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो! म्हणून उन्हात, बंद मोटारीत किंवा उशीखाली यंत्र ठेवू नये. बॅटरी पूर्ण रिती करूनच भारावी, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. लिथियमच्या बॅटरीला ती उलट अपायकारक ठरते. तसेच यंत्र महिनोन्‌महिने रिते ठेवल्यास ते पुन्हा भारलेच जात नाही, असेही घडते. वापर नसला, तरी सहा महिन्यांतून एकदा तरी ते भारावे.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. बॅटरी फुगलेली दिसली किंवा यंत्राची पाठ उचलली गेली, तर खेळ तत्काळ थांबवा. ती भारू नका, दाबू नका, टोचू नका. तिच्यातील द्रव ज्वालाग्राही असतो आणि क्षणात पेट घेऊ शकतो. ताबडतोब घरातील वडीलधाऱ्यांना सांगा आणि जाणत्या कारागिराकडूनच ती बदलून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी आपल्या देशाने २०२२ सालच्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. बॅटरीवर कचरापेटीवर फुली मारल्याचे चिन्ह असते, ते याचसाठी.

यंत्र आईवडिलांच्या कष्टाच्या पैशांतून घरात येते. ते अधिक काळ टिकावे असे वाटत असेल, तर मोठ्या हौदाचा हट्ट धरण्यापूर्वी पाणी कोठे वाया जाते, ते पाहावे. साठा किती, यापेक्षा खर्च कसा, यावरच पुष्कळ काही अवलंबून असते. आणि हे केवळ विजेच्या बाबतीतच खरे आहे असे नाही.