मानसशास्त्राची पदवी हवी, मग संख्याशास्त्र कशाला?



"मी पुढे मानसशास्त्र घेणार" असे म्हणणारे तुमच्या वर्गात दोघे-चौघे तरी असतील. त्यांतल्या काहींना खोदून विचारा. खरे कारण वेगळेच निघते. गणिताची कटकट नको! माणसांच्या मनाविषयी रसाळ पुस्तके वाचावीत आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावे, असा त्यांचा बेत असतो. पुढे मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध ही मंडळी समोर उभी राहिली, की हा बेत कोसळतो. तेव्हा ही पदवी कशी मिळते, हे आधीच समजावून घेतलेले बरे.

प्रवेशाची अट अवघड नाही. बी.ए.ला हा विषय घेण्यासाठी सामान्यतः कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेले चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीला १६०. चौथ्या वर्षी संशोधन करून 'ऑनर्स' मिळवायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. व्याख्यानांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास. प्रात्यक्षिकाचा मात्र ३० तास.

होय, प्रात्यक्षिकाचा! अवधान, स्मृती, अध्ययन, बालकाची वाढ, समाजातील वर्तन, मनोविकार हे सारे विषय अभ्यासक्रमात असतातच; पण या शास्त्राचा जन्मच प्रयोगशाळेत झाला आहे. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आजही विद्यार्थी जोडीजोडीने प्रयोग करतात. एक प्रयोगकर्ता होतो आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो 'प्रयुक्त'. पुढच्या तासाला भूमिका बदलतात.

आता असा एक प्रयोग पाहू. गाणी ऐकत अभ्यास केला तर पाठांतर कमी होते का? घरी यावरून वाद झालेला असेलच. डीख, गूथ, फेळ अशा बारा निरर्थक शब्दांची एक यादी करा, तशीच दुसरी करा. निरर्थक शब्द अशासाठी, की ओळखीचा शब्द कोणाला आजीच्या गोष्टीमुळे लक्षात राहील, कोणाला क्रिकेटमुळे. हर्मान एबिंगहाउस यांनी हीच युक्ती वापरून विस्मरणाचा अभ्यास केला आणि तो १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयुक्त ते स्वतःच होते!

दहा मित्र घ्या. प्रत्येकाने एक यादी गाणी ऐकत पाठ करावी आणि दुसरी शांततेत. वेळ सारखाच द्यावा. पाच जणांनी आधी गाण्याची पाळी घ्यावी, पाच जणांनी आधी शांततेची. असे केले नाही, तर दुसऱ्या खेपेचा सराव किंवा कंटाळा यांचे माप गाण्याच्या पदरात पडेल. याद्याही अशाच आलटून पालटून द्याव्यात.

समजा, दहांपैकी सहा जणांना शांततेत जास्त शब्द आठवले आणि चौघांना गाणी ऐकताना. मग आई-बाबा जिंकले? थांबा. गाण्याचा काहीच परिणाम होत नसता, तर प्रत्येकाचा निकाल नाणेफेकीसारखा असता. दहा वेळा नाणे उडवले तर छाप-काट्याचे १,०२४ क्रम संभवतात. त्यांतल्या ३८६ क्रमांत छाप सहा किंवा अधिक वेळा पडतो. म्हणजे असा निकाल निव्वळ योगायोगानेही शंभरात सुमारे ३८ वेळा येईल! त्यावरून काहीच ठरत नाही. नऊ किंवा दहा जणांना शांतता मानवली असती, तर गोष्ट निराळी. तसे क्रम फक्त ११ आहेत, शंभरात जेमतेम एक. तेव्हा योगायोगावर हवाला ठेवणे कठीण जाते.

पदवीला संख्याशास्त्र लागते ते एवढ्यासाठी. हा हिशेब तुमच्या शाळेच्या गणितापलीकडचा नाही. मनुष्यस्वभावावर गप्पा तर पानपट्टीवरही रंगतात. आपले मत खोटे ठरू शकेल अशी कसोटी मात्र तिथे कोणी लावत नाही. प्रयोगात आणखी एक शिस्त असते. प्रयुक्ताची संमती आधी घ्यायची, त्याला मध्येच उठून जाण्याची मोकळीक द्यायची आणि त्याचे निकाल चारचौघांत सांगायचे नाहीत.

पदवी हाती आली म्हणजे मनोरुग्णांवर उपचार करता येतात, असा समज सर्रास आढळतो. तो धोक्याचा आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, रुग्णांबरोबर काम करण्याचे देखरेखीखालचे प्रशिक्षण लागते, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीही करावी लागते. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ तर मुळात वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. निराशेने ग्रासलेला माणूस अर्धवट शिकलेल्या सल्लागाराच्या हाती पडला, तर योग्य उपचारांचे महिने वाया जातात.

घरबसल्या पदवी मिळवण्याची वाटही आता बंद झाली आहे. आरोग्यसेवेशी निगडित इतर विषयांबरोबर मानसशास्त्रही दूरशिक्षणाने वा ऑनलाइन शिकवू नये, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून ठरवले. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा माहितीपत्रकात प्रात्यक्षिकाचे तास किती आहेत ते पाहा, आणि प्रयोगशाळा कुठे आहे हेही विचारा.