वाद्यवृंदातील ज्येष्ठांनो, सुरांबरोबर शरीरही जुळवा

दिवाळी पहाट, कोजागरीची रात्र, गणेशोत्सवातील एखादी सायंकाळ किंवा १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन असो, अशा प्रसंगी आपल्या शहरांतून आणि गावांतून हौशी वाद्यवृंदांचे कार्यक्रम होत असतात. त्यांत पेटी, तबला, ढोलक, की-बोर्ड, गिटार, बासरी, क्लॅरिनेट वाजविणारे अनेक कलावंत साठी-सत्तरी ओलांडलेले असतात. नोकरीच्या काळात मागे पडलेली कला निवृत्तीनंतर पुन्हा हाती आलेली असते. आठवड्याची तालीम, सोबत्यांची थट्टामस्करी आणि चार लोकांसमोर वाजविण्याचा आनंद यांमुळे दिवसांना आकार येतो.

अशा वेळी एखाद्या कार्यक्रमात चक्कर येते, पायरीवरून तोल जातो किंवा दुसऱ्या दिवशी कान बधिर होतात. मग घरात वाक्य उच्चारले जाते, “आता पुरे झाले!” त्यामागे काळजी असते, परंतु या एका वाक्याने तालीम सुटते, माणसे सुटतात आणि ज्येष्ठ व्यक्ती एकटी पडते. वास्तविक यांतील बहुतेक प्रसंग पूर्वनियोजनाने टळू शकतात. ते कसे टाळावेत, हे कार्यक्रम ठरल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंतच्या क्रमाने पाहू.

कार्यक्रम ठरताच

कार्यक्रम महिन्यावर आला की उत्साहाच्या भरात रियाज एकदम दुप्पट केला जातो. बोटे, मनगटे आणि खांदे यांना असा अचानक वाढलेला भार सोसत नाही. रियाज हळूहळू वाढवावा. प्रत्येक पंचवीस-तीस मिनिटांनी पाच मिनिटे हात मोकळे सोडावेत. सुरुवातीची काही मिनिटे संथ लयीत वाजवून मगच द्रुत लयीकडे वळावे.

मांडी घालून बसणे गुडघ्यांना जड जात असेल, तर खुर्चीवर बसून वाजविण्यात कोणताही कमीपणा नाही. पेटी टेबलावर आणि तबला-डग्गा स्टँडवर ठेवता येतो. की-बोर्डची उंची अशी असावी, की खांदे सैल राहतील आणि कोपर साधारण काटकोनात येईल. बदललेल्या बैठकीची सवय तालमीतच करून घ्यावी. कार्यक्रमाच्या दिवशी नवा प्रयोग करू नये.

हातांच्या काही तक्रारींकडे मात्र दुर्लक्ष करू नये. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येत असतील, तर मनगटातील नस दबत असण्याची शक्यता असते. हात कापण्याचेही प्रकार आहेत. वाद्य उचलताना किंवा कप तोंडाशी नेताना येणारा कंप आणि हात स्वस्थ मांडीवर असताना येणारा कंप यांची कारणे बहुधा वेगळी असतात. वेदना मुळीच नाही, पण वाजवितानाच एखादे बोट आपोआप आत वळते, हीदेखील एक वैद्यकीय अवस्था आहे. प्रसिद्ध पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात याच कारणाने निकामी झाला. त्यांनी अनेक वर्षे केवळ डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजविले, शिष्य घडविले आणि उपचारांनंतर उतारवयात ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. अशा लक्षणांवर ‘वय झाले’ असे म्हणून गप्प न बसता मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना दाखवावे.

कंप थांबावा म्हणून सोबत्याची गोळी उसनी घेण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती धोकादायक आहे. या कामासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी दमा असलेल्या व्यक्तीला श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो, तर नाडी आधीच मंद असलेल्यांची नाडी आणखी मंदावू शकते.

बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, सनई ही फुंकवाद्ये वाजविणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. जोराने फुंकताना डोळ्यांतील दाब काही काळ वाढू शकतो. त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हर्निया असल्यास किंवा डोळ्यांची अथवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास परवानगीशिवाय वाद्य हाती घेऊ नये. कवळी नवी असेल, तर ती बसविल्यावर वाद्याची पकड पुन्हा शिकावी लागते. त्यासाठी पुरेसा अवधी ठेवावा.

गायकांनी पट्टीचा हट्ट धरू नये. तरुणपणी काळी चारमध्ये गायिलेले गीत आज काळी दोनमध्ये अधिक सुरेल वाटत असेल, तर तीच आपली पट्टी. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी, कारण औषध घशात राहून आवाज बसू शकतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर खडीसाखर चघळत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी

सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो आणि रात्रीचे जेवण अकरावर जाते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मधुमेह असलेल्या कलावंतासाठी हा उशीर जोखमीचा ठरतो. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी वेळेवर घेतली आणि अन्न मात्र मिळाले नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपणा ही तिची लक्षणे. व्यासपीठावर हीच लक्षणे ‘घबराट’ समजून दुर्लक्षिली जातात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड व थरथर जाणवतही नाही; अशा वेळी अचानक सुटलेला घाम हाच इशारा असतो.

म्हणून कार्यक्रमाच्या दिवशीची औषधे आणि जेवण यांचे वेळापत्रक डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावे. व्यासपीठावर जाण्यापूर्वी पोळी-भाजी, उपमा किंवा दही-भात असा हलका आहार घ्यावा. वाद्याच्या पेटीत ग्लुकोजची पूड आणि ग्लुकोमीटर ठेवावा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास किंवा तपासण्याची सोय नसताना लक्षणे दिसल्यास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन ते चार चमचे, ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजूनही कमी असल्यास हीच मात्रा पुन्हा घ्यावी आणि बरे वाटल्यावर काहीतरी खावे. शुद्ध हरपत असलेल्या व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तातडीने १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लघवीला जावे लागेल या धास्तीने अनेक ज्येष्ठ दुपारपासून पाणीच पीत नाहीत. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. त्यात दिव्यांची उष्णता आणि लघवी वाढविणारी गोळी यांची भर पडली, की चक्कर येणे स्वाभाविक आहे. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने ती टाळू नये. सभागृहात पोहोचताच स्वच्छतागृह पाहून ठेवावे.

वाद्ये उचलण्याचे काम तरुणांवर सोपवावे. पेटी दहा-बारा किलोंची असू शकते आणि ती वाकून उचलताना कंबर धरली, तर पुढची संपूर्ण सायंकाळ वाया जाते.

व्यासपीठावर

तात्पुरत्या व्यासपीठाच्या पायऱ्या बहुधा अरुंद आणि कठड्याविना असतात. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यातून खाली पाहताना पायरीची कड अस्पष्ट दिसते. पहिल्या पायरीपाशी थांबून, मान वाकवून, कोणाचा तरी हात धरूनच चढावे. दिवे लागण्याआधी व्यासपीठावर एकदा चालून वायरी कोठून जातात ते पाहावे आणि त्या चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून घ्याव्यात. गीतांची वही मोठ्या अक्षरांत लिहावी. स्टँडपर्यंतचे अंतर मोजून त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतल्यास मानेचा ताण पुष्कळ कमी होतो.

आता कानांविषयी. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही, म्हणून हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरला जाणारा एक सर्वमान्य हिशेब असा आहे, की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९४ला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. ड्रम्सच्या झांजांजवळ किंवा मॉनिटर स्पीकरसमोर बसलेला वादक ही मर्यादा सहज ओलांडतो. यंत्राविना अंदाज घ्यायचा असेल, तर हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागते का, ते पाहावे. तसे असल्यास आवाज अधिक आहे.

उपाय सोपे आहेत. झांजा आणि मोठे स्पीकर यांच्यापासून शक्य तितके दूर बसावे. उघड्या जागेत अंतर दुप्पट केले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्वतःचे वाद्य ऐकू येत नसल्यास ते वाढवून मागण्याऐवजी इतरांची पातळी कमी करण्यास सांगावे. अन्यथा प्रत्येक जण वाढवीत जातो. कापसाचे बोळे फारसे उपयोगी पडत नाहीत. संगीतकारांसाठी बनविलेले कर्णरक्षक सर्व सूर जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे संगीत बदललेले वाटत नाही. श्रवणयंत्र मुख्यत्वे बोलणे समजावे यासाठी जुळविलेले असते. त्यातून पेटीचा सूर बेसूर किंवा आवाज चढ-उतार करणारा वाटत असेल, तर यंत्र बंद करून ठेवू नये. श्रवणतज्ज्ञांकडून त्यात संगीतासाठी वेगळी जुळणी करून घ्यावी.

मध्यंतराचा आग्रह धरावा. तासाभराने पंधरा मिनिटांची विश्रांती कानांना, पाठीला आणि मूत्राशयाला सारखीच हितकर असते. तासभर मांडी घालून बसल्यावर टाळ्यांच्या गजरात झटकन उठू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांचा दाब अशा वेळी एकाएकी घसरतो. आधी पाय लांब करावेत, घोटे हलवावेत, कडेला मिनिटभर बसावे आणि मग आधार घेऊन उभे राहावे.

छातीत दाब किंवा वेदना, धाप, बोलण्यात अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका हाताची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर गीत पूर्ण करण्याचा विचार सोडून तत्काळ थांबावे आणि १०८ला कळवावे.

कार्यक्रमानंतर

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास साधारणतः मनाई असते. संयोजकांना या नियमाची आठवण करून देत कार्यक्रम वेळेवर सुरू करण्याचा आग्रह धरणे ज्येष्ठांच्या प्रकृतीसाठीही सोयीचे आहे. उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाल्यास आम्लपित्त घशापर्यंत येते आणि सकाळी आवाज बसलेला आढळतो. तेव्हा रात्रीचे जेवण हलकेच ठेवावे. परतताना स्वतः वाहन चालवू नये.

घरी आल्यावर कानांत गुंजन होत असेल किंवा आवाज दबल्यासारखे वाटत असतील, तर कानांवर अतिरिक्त ताण आला असे समजावे. पुढील एक-दोन दिवस शांततेत घालवावेत आणि पुढच्या कार्यक्रमात बैठक बदलावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘मळ असेल’ म्हणून वाट पाहू नये. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांकडे जावे, कारण या विकारात उपचाराला उशीर झाला की गुण येण्याची शक्यता घटते.

घरच्यांसाठी

आपल्या वडिलांनी किंवा आईने तालमीला जाणे हळूहळू टाळले, तर त्यांची आवड संपली असा निष्कर्ष काढू नका. पुष्कळदा ऐकू कमी येऊ लागलेले असते आणि चारचौघांत चूक होण्यापेक्षा घरी बसणे त्यांना बरे वाटते. आधी श्रवणचाचणी करा. लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१७पासूनच्या आपल्या अहवालांत श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केली आहे. त्यामुळे या चाचणीचे महत्त्व वादनापुरते मर्यादित नाही.

औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद वाद्याच्या पेटीत ठेवा. वाद्यवृंदातील एका सहकाऱ्याला आजाराची आणि ग्लुकोजच्या जागेची माहिती द्या. विसरभोळेपणा सुरू झालेल्या व्यक्तींना गीतांचा क्रम आठवत नसला, तरी हातांत मुरलेले वादन पुष्कळदा टिकून असते. शेजारी बसून पुढचे गीत सांगणारा एक सोबती मिळाला, तर ते बराच काळ वाजवू शकतात.

आणि निर्णय त्यांच्या वतीने घेऊ नका, त्यांच्याबरोबर बसून घ्या. तीन तासांचा कार्यक्रम झेपत नसेल, तर चार गीते वाजवावीत. रात्रीचा झेपत नसेल, तर सकाळचा निवडावा. उरलेल्या गीतांसाठी दुसरा वादक तयार ठेवावा. बहुधा तो त्यांचाच एखादा शिष्य असेल. पुढचा कार्यक्रम ठरला असेल, तर आजच दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी एक खूण करा आणि त्या दिवसासाठी डॉक्टरांची वेळ घ्या.