नेमणूकपत्र : वाचण्याचा कागद की जपण्याचा?

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कार्यालयांतून नेमणुकीचे कागद बाहेर पडू लागतात. बी. एड. होऊन तीन-चार वर्षे वणवण केलेल्या उमेदवाराच्या हाती असा कागद पडतो, तेव्हा तो प्रथम पगाराचा आकडा पाहतो, मग रुजू होण्याची तारीख पाहतो आणि लगेच खाली सही करून मोकळा होतो. घरी गेल्यावर तो कागद देवापुढे ठेवला जातो, पेढे वाटले जातात. त्या कागदाच्या मधल्या दोन ओळींत काय लिहिले आहे, हे पुढे कधीतरी, बहुधा नोकरी गेल्याच्या दिवशी, दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावे लागते. ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात’ ही तीन शब्दांची शब्दसंहती किती संसारांवरून फिरली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

नोकरी हा मुळात एक करार आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या दृष्टीने धान्याचा व्यापारी आणि त्याचा गिऱ्हाईक यांच्यात जसा करार होतो, तसाच मालक आणि नोकर यांच्यात होतो. दोघेही सज्ञान, दोघेही स्वतंत्र, दोघांचीही राजीखुशी. कागदावर हे चित्र मोठे समतोल दिसते. वस्तुतः एका जागेसाठी शंभर अर्ज आलेले असतात आणि अटी ठरविणारा पक्ष एकच असतो. विषमतेची ही जाणीव कायद्याला उशिरा झाली, पण झाली. १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कोणतेही कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम सेवकास काढून टाकण्याची मुभा देणारा नियम रद्द ठरविला. ज्याच्या हाती सौदा करण्याची शक्तीच नाही, त्याच्याकडून घेतलेली अशी संमती लोकहिताच्या विरुद्ध आहे, असा या निकालाचा आशय. मात्र ते महामंडळ सरकारी मालकीचे होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. खाजगी मालकाच्या बाबतीत न्यायालयांनी एवढी सढळ भूमिका क्वचितच घेतली आहे. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळावयास लावीत नाही, हा जुना दंडक तेथे आडवा येतो. तुम्हास गैर रीतीने काढले असेल तर नुकसानभरपाई घ्या, पण ती खुर्ची परत मागू नका, असे कायदा सांगतो. ती भरपाईदेखील पुष्कळदा नोटिशीच्या मुदतीच्या पगारापलीकडे जात नाही.

या दंडकाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत महाराष्ट्रातील खाजगी शाळांचा सेवक येतो, आणि आश्चर्य असे की हे त्यालाच ठाऊक नसते. ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ असे त्या कायद्याचे लांबलचक नाव. त्याची नियमावली १९८१ ची. तत्पूर्वी माध्यमिक शाळा संहितेचा आधार घेतला जाई. परंतु ती संहिता म्हणजे प्रशासकीय सूचनांचा संग्रह होता, तिला कायद्याचे बळ नव्हते. संस्थाचालकाने ती झिडकारली तर फार तर अनुदान अडविता येई; काढलेल्या शिक्षकाला परत वर्गावर उभे करता येत नसे. १९७७ च्या कायद्याने हे चित्र पालटले. आता नेमणूकपत्रात काहीही लिहिलेले असो, कायद्याने आणि नियमांनी घालून दिलेल्या मार्गाशिवाय कोणत्याही कर्मचाऱ्यास निलंबित वा बडतर्फ करता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. ‘कर्मचारी’ या शब्दात शिक्षकाबरोबरच शाळेतील कारकून, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाईही आले. शिवाय हा कायदा मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू होतो, मग ती शाळा अनुदान घेणारी असो वा नसो. ‘आमची शाळा विनाअनुदानित आहे, आम्हांला ते नियम लागू नाहीत’ हे वाक्य मुख्याध्यापकांच्या दालनात वारंवार ऐकू येते. ते खरे नाही. मात्र मान्यता नसलेले खाजगी शिकवणी वर्ग या छत्राखाली येत नाहीत, आणि अलीकडे कितीतरी पदवीधर तेथेच राबत आहेत.

आता त्या मधल्या दोन ओळींकडे वळू. कायमस्वरूपी जागा रिकामी असेल तर संस्थेने पात्र व्यक्तीची नेमणूक परिवीक्षाधीन म्हणून करावी, असे कायदा सांगतो. परिवीक्षेचा काळ दोन वर्षांचा. शिक्षण सेवक म्हणून नेमलेल्या शिक्षकाच्या बाबतीत तीन वर्षांचा. हा काळ निर्वेधपणे पार पडला की सेवक कायम झाला असे मानले जाते. त्यासाठी वेगळ्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. काम वा वर्तन समाधानकारक नसेल तर याच काळात एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन संस्था त्याला दूर करू शकते. म्हणूनच नेमणूक ‘परिवीक्षाधीन’ आहे की ‘तात्पुरती’, हा शब्दांचा खेळ नव्हे. हिंदुस्थान एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले नेमणूकपत्र अकरा महिन्यांचे आणि निव्वळ तात्पुरते होते; जागा मात्र रिकामी होती. शिक्षकाचे म्हणणे असे की, जागा कायम असल्याने आपण परिवीक्षाधीनच ठरतो. न्यायालयाने ते मान्य केले नाही. कागदावर जे लिहिले होते, ते शिक्षकाला नडले.

संस्थाचालकांनी या निकालाचा अर्थ चटकन ओळखला, असे म्हणावेसे वाटते. जूनपासून एप्रिल-मेपर्यंत नेमणूक, सुट्टीत खंड, पुन्हा जूनमध्ये नवा कागद. अशी आठ-दहा वर्षे काढलेले शिक्षक आपल्या आसपास आहेत. तात्पुरत्या जागेवरील नेमणुकीच्या आदेशात मुदत नमूद असलीच पाहिजे, अशी तरतूद आहे. त्यामागचा हेतू खरोखर तात्पुरत्या जागा, म्हणजे कोणी बाळंतपणाच्या किंवा अन्य दीर्घ रजेवर गेल्यामुळे झालेल्या जागा भरण्याचा होता. कायम जागेला तात्पुरतेपणाचे वस्त्र नेसविणे हा त्या तरतुदीचा वापर नसून गैरवापर आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी एवढे तरी विचारावे : ही जागा कोणाची? ती कशामुळे रिकामी झाली? नेमणूक कोणाच्या रजेच्या काळापुरती असेल तर तसे या पत्रात लिहिणार काय? प्रश्न विचारणारा उमेदवार संस्थेला आवडत नाही हे खरे. पण नाव व कारण लिहून मागणे हा उद्धटपणा नव्हे.

दुसरा एक कागद नेमणूकपत्राबरोबरच, पुष्कळदा त्याच टेबलावर, पुढे केला जातो. तो म्हणजे तारीख न घातलेला राजीनामा. या चालीची दखल खुद्द कायद्याने घेतली आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. कलम सातप्रमाणे राजीनाम्याचे पत्र दोन प्रतींत तयार करावे लागते. दोन्हींवर सही व तारीख घालावी लागते, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेकडे पाठवावी लागते आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी लागते. सही केलेला कोरा कागद कपाटातून काढून ‘यांनी स्वखुशीने सेवा सोडली’ असे सांगणाऱ्या चालकाला टपालाची पावती दाखविता येत नाही, हे त्या कलमाचे मर्म. साठ-सत्तर सालच्या शिक्षक चळवळीने ज्या यातना भोगल्या त्यांचा ठसा या रुक्ष कलमावर उमटलेला दिसतो.

सेवा संपुष्टात आणल्याचा आदेश हाती पडला तर काय करावे? येथे दिवस मोजावे लागतात. शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांची आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. पण संस्थेच्या अध्यक्षांची मनधरणी करण्यात, आमदारांच्या चिठ्ठ्या आणण्यात आणि ‘पुढच्या जूनमध्ये बघू’ या आश्वासनावर भरवसा ठेवण्यात महिना कसा सरतो ते कळत नाही. न्यायाधिकरणावर न्यायाधीश असतो. आदेश बेकायदा ठरल्यास सेवकाला पूर्वपदावर घेण्याचा व मागील वेतन देण्याचा हुकूम तो देऊ शकतो. एखाद्या व्यापारी कचेरीतील व्यवस्थापकाला जे मिळत नाही, ते शाळेच्या शिपायाला मिळू शकते. कायम सेवकाची चौकशी करावयाची तर तिची रीतही ठरलेली आहे : तिघांच्या समितीत एक संस्थेचा, एक स्वतः सेवकाने कोणत्याही खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आपला प्रतिनिधी निवडण्याचा हा हक्क किती जण वापरतात, हा प्रश्नच आहे.

सेवकाला गप्प करण्यासाठी आणखी एक शस्त्र काढले जाते : ‘तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यताच नाही.’ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूलच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, ही मान्यता प्रामुख्याने अनुदानाशी निगडित आहे. तिच्या अभावी एरवी रीतसर झालेली नेमणूक रद्दबातल होत नाही. अर्थात नेमणूकच नियमबाह्य, पात्रता नसताना किंवा आरक्षण डावलून झाली असेल, तर हे कवच उपयोगी पडत नाही.

वेतनाचा प्रश्न मात्र कागदाने सुटत नाही. पूर्ण वेतनाच्या रकमेवर सही घेऊन त्यातला हिस्सा रोख परत मागण्याची चाल विनाअनुदानित शाळांच्या वाट्याला आलेली एक उघडी जखम आहे. शासनानेही या बाबतीत फार उजळ माथ्याने बोलू नये. शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकसाठी दरमहा १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये करण्यात आले. त्याआधीचे आकडे सहा, आठ आणि नऊ हजारांचे होते.

शाळेच्या कुंपणाबाहेर कारकुनी करणाऱ्यांची स्थिती निराळी. येथे गोव्यातील एका खटल्याची आठवण होते. करंजाळे येथील शाळेतील एका शिक्षिकेस १९७५ मध्ये कामावरून दूर करण्यात आले. तिचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८८ मध्ये निकाल लागला की, शाळा हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ असला, तरी शिक्षक त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. कारकुनी काम करणारा मात्र ‘कामगार’ या व्याख्येत बसतो. म्हणून खाजगी कंपनीतील कारकुनाने आपल्या नेमणूकपत्रावर ‘अधिकारी’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ असे भारदस्त पदनाम आले म्हणून हुरळून जाऊ नये. काम कारकुनाचेच असेल तर न्यायालय पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहते. पण ते काम सिद्ध करण्याचा खटाटोप त्याच्याच गळ्यात पडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय श्रमसंहितांनी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु पत्र देणे आणि न्याय्य पत्र देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विद्यार्थी वाचकांना सर्वांत आधी गाठणारी अट म्हणजे बाँड. दोन-तीन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास अमुक लाख भरीन. अशी अट सरसकट बेकायदा असते हा गोड गैरसमज आहे. धंद्याला वा व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार कलम २७ प्रमाणे रद्द ठरतो हे खरे. परंतु नोकरी चालू असतानाचे बंधन आणि ती सुटल्यानंतरचे बंधन यांत न्यायालयांनी भेद केला आहे. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यातील एका कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार असताना मध्येच नोकरी सोडून कोट्यातील प्रतिस्पर्धी कारखाना गाठला; १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली, कारण ती कराराच्या मुदतीपुरतीच होती. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सेवा सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अटही न्यायालयाने वैध मानली. सरकारी बँकेला नव्याने भरती करण्यास येणारा खर्च त्यात विचारात घेतला गेला. याउलट नोकरी सोडल्यावर दोन वर्षे त्याच क्षेत्रात काम करू नये, असल्या अटी सहसा टिकत नाहीत. बाँडची रक्कम हीदेखील कमाल मर्यादा असते; करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. प्रशिक्षणावर काही खर्चच केला नसेल, तर मालकाने तो दाखवावा कोठून?

मूळ गुणपत्रिका व पदवीपत्र संस्थेने ‘जपून ठेवण्यासाठी’ मागितले तर साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. तेही शक्य नसेल तर निदान कोणते कागद, कोणत्या तारखेला आणि कोणाकडे दिले याची सहीशिक्क्याची पोच मागावी, आणि नेमणूकपत्राची एक प्रत, हजेरीपटातील नोंदी व बँकेच्या पासबुकाची पाने यांबरोबर ती घरी वेगळ्या पाकिटात ठेवावी.