बोटीच्या जुन्या ट्रेलरला रंग देण्यापूर्वी

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई जलमय झाली, तेव्हा शहरातील अंबत्तूर औद्योगिक वसाहतीच्या अनेक लहान कारखान्यांत पाणी शिरले. अशा पुरानंतर लोखंडी यंत्रसामग्रीची मोठी हानी पाणी ओसरल्यावर सुरू होते. पूर्ण बुडालेल्या लोखंडाला प्राणवायू कमी मिळतो. ओल्या अवस्थेत हवेत उघड्या पडलेल्या लोखंडाला मात्र पाणी आणि प्राणवायू दोन्ही मुबलक मिळतात, आणि काही तासांतच त्यावर तांबूस थर दिसू लागतो.

बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या वाट्याला हा प्रसंग वारंवार येतो. बोट उतरवताना तो चाकांपर्यंत पाण्यात जातो, बाहेर येतो आणि ओलाच उभा राहतो. महाराष्ट्रात कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील अनेक गावांत पुरासाठी बोट राखून ठेवलेली असते. धरणांतील पिंजरा मत्स्यसंवर्धनासाठीही लहान बोटी वापरल्या जातात. सांगली-कोल्हापूर भागात २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. पहिल्या दोन पुरांत चौदा वर्षांचे अंतर होते. एवढा काळ शेडबाहेर उभा असलेला ट्रेलर ऐनवेळी ट्रॅक्टरला जोडावा आणि रस्त्यात त्याचे बेअरिंग जाम व्हावे किंवा हुकाजवळचा जोड तुटावा, हे अशक्य कोटीतील नाही. नवा ट्रेलर घेण्याइतका निधी ग्रामपंचायतीकडे किंवा मत्स्यसंस्थेकडे सहसा नसतो. त्यामुळे जुन्याचीच डागडुजी करावी लागते, आणि ती बहुधा एका गोष्टीपुरती उरते: वरून चकचकीत ऑइल पेंट.

अंबत्तूरची जुनी ओळख सायकलींची आहे. टीआय सायकल्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४९ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. सायकलची चौकट पातळ पोलादी नळ्यांची असते. ट्रेलरची चौकटही पाइपची किंवा चॅनेलची असते. सायकल उद्योगात चौकटीवर रंग चढण्यापूर्वी तेलकटपणा काढला जातो, गंज काढला जातो आणि फॉस्फेटचा सूक्ष्म थर दिला जातो. रंग धरून राहतो तो या तयारीवर. गावातल्या डागडुजीत नेमका हाच भाग गाळला जातो, कारण तो शेवटी दिसत नाही. कमी पैशात काम करायचे असेल तर रंगाच्या डब्यात काटकसर करता येते, तयारीत नाही.

आधी ठोकून पाहणे

पहिले साधन म्हणजे लहान हातोडी. चौकटीवर, विशेषतः वेल्डिंगच्या जोडांजवळ, हलके ठोके द्यावेत. चांगले लोखंड खणखणीत वाजते. आतून खाल्लेले बद्द वाजते किंवा पापुद्रे सोडते. संशयाच्या जागी टोच्या दाबून पाहावा. लोखंडापेक्षा गंजाचे आकारमान कितीतरी अधिक असते. त्यामुळे रंगाखाली गंज धरला की रंग फुगतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये गंज साचला की ते एकमेकांपासून दूर ढकलले जातात. फुगलेला जोड दिसला तर आत बरेच काही घडून गेले आहे, असे समजावे.

चौकोनी बंद पाइप सर्वांत फसवा असतो. तो बाहेरून ठीक दिसतो, परंतु आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि भिंत आतूनच पातळ होत जाते. अशा पाइपच्या खालच्या बाजूस निचऱ्याची भोके असतात. ती मोकळी आहेत का, हे तारेने तपासावे. कीटकांचा संबंध येथे अनपेक्षितपणे येतो. कुंभारीण माशी पावसाळ्याच्या सुमारास ओली माती आणून अशीच आयती भोके लिंपून घेते, आत कोळी साठवते आणि अंडी घालते. मातीचा तो एवढासा गोळा पाइपमध्ये पाणी कोंडून ठेवण्यास पुरेसा असतो. चौकटीखालच्या कोपऱ्यांत गांधीलमाश्यांची पोळीही असतात. म्हणून ट्रेलरखाली हात घालण्यापूर्वी वाकून पाहावे.

हूक, हुकाजवळचा जोड, अॅक्सल आणि स्प्रिंगचे पाटे यांवर भेग किंवा खोल खड्डे आढळले, तर त्या भागाला रंग देऊ नये. तो भाग बदलावा किंवा अनुभवी वेल्डरकडून दुरुस्त करून घ्यावा. भेगेवर लांबी भरून रंग मारला की भेग पुढच्या तपासणीतही दिसत नाही. तो दोष मग रस्त्यावरच उघड होतो, आणि त्या वेळी मागे बोट व आजूबाजूला माणसे असतात. अॅक्सलवर वेल्डिंगचे ठिगळ लावण्याचा मोह टाळावा. ट्रेलर जस्तलेपित असेल तर वेल्डिंगपूर्वी त्या जागेचे जस्त घासून काढणे आवश्यक आहे, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो. वेल्डिंग मोकळ्या हवेतच करावे.

धुणे, घासणे, पुन्हा धुणे

बहुतेक ठिकाणी काम थेट ग्राइंडरने सुरू होते. त्याआधी ट्रेलर साबणाच्या पाण्याने आणि नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुतला पाहिजे. ग्रीस तसेच राहिले तर वायर ब्रश ते सगळीकडे पसरवतो. कोकणातील किंवा खाडीतील ट्रेलरवर मिठाचा अंश असतो. घासताना तो लोखंडाच्या खड्ड्यांत अधिकच दाबला जातो आणि नव्या रंगाखाली काही महिन्यांतच फोड येतात. मीठ हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालू राहतो. कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत्‌रासायनिक संशोधन संस्थेने भारताचा गंज-नकाशा तयार केला आहे, त्यामागे हेच तत्त्व आहे. एकच लोखंड किनाऱ्यावर आणि मराठवाड्यात सारख्या वेगाने गंजत नाही. त्यामुळे देखभालीचे वेळापत्रकही सारखे असू शकत नाही.

सैल गंज आणि सुटलेला रंग वायर ब्रशने किंवा ग्राइंडरला लावलेल्या तारेच्या कपाने काढावा. घट्ट धरलेला जुना रंग पूर्ण काढण्याची गरज नाही. त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासून उतरत्या कराव्यात. येथे पुष्कळ श्रम आणि पैसा वाचतो. मात्र जुन्या रंगाच्या धुळीबाबत सावध राहावे. पूर्वी लोखंडावर शेंदरी रंगाचा पहिला हात देत, तो बहुधा शिशाचा असे. आपला शेंदूर म्हणजेच शिशाचे ते संयुग. आज सर्रास मिळणारा रेड ऑक्साइड वेगळा आहे, तो लोहाचा आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जुना पिवळा किंवा शेंदरी थर पाणी मारून ओलाच घासावा, चांगला मास्क वापरावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि खाली ताडपत्री अंथरून भुगा गोळा करावा. तो शेतात किंवा गोठ्याजवळ जाऊ देऊ नये. जनावरे लोखंडी वस्तू चाटतात, हे पशुपालकांना सांगायला नको.

खड्ड्यांत राहिलेल्या पातळ गंजासाठी बाजारात गंज-परिवर्तक द्रव मिळतो. त्यातील टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर बनवते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी लिहिण्याची काळी शाई करीत, तीच ही रासायनिक क्रिया. हा द्रव घट्ट, पातळ गंजावरच काम करतो. पापुद्र्यांवर ओतला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि आतला गंज तसाच राहतो. फॉस्फरिक आम्लाचा गंजनाशक वापरल्यास डब्यावरील सूचनेप्रमाणे तो धुऊन किंवा पुसून काढावा. हातमोजे आणि चष्मा दोन्ही वेळी हवेत.

रंगाचे हात आणि रंगाचा हिशेब

घासलेले लोखंड रात्रभर उघडे ठेवू नये. सकाळी घासलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे. एका दिवसात जेवढे झाकता येईल तेवढेच घासावे. पृष्ठभाग रंगासाठी पुरेसा कोरडा आहे का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे ओलसर फडक्याची एक रेघ ओढणे. ती काही मिनिटांत वाळली नाही, तर हवेत ओल अधिक आहे. त्या दिवशी थांबावे. भर दुपारी तापलेल्या लोखंडावरही रंग देऊ नये, थिनर उडून जातो आणि रंग नीट बसत नाही. महाराष्ट्रात एप्रिल-मे मधील सकाळ या कामाला उत्तम.

रंग किती लागेल याचा अंदाज मापावरून करता येतो. १०० बाय ५० मिलिमीटरच्या पाइपचा बाह्य परीघ ०.३ मीटर होतो. अशा पाइपची एकूण लांबी २० मीटर धरली, तर क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. प्रायमरचे दोन हात म्हणजे १२ चौरस मीटर. साधारणपणे एक लिटर रंग एका हाताने ८ ते १० चौरस मीटरला पुरतो. ब्रशने सांडलवंड धरून दोन लिटर प्रायमर आणि तेवढाच वरचा रंग पुरेसा होतो. चार-चार लिटरचे डबे विकत घेऊन उरलेला रंग सुकवण्याचे कारण नाही.

प्रायमरचा पहिला हात देण्याआधी लहान ब्रशने फक्त कडा, वेल्डिंगच्या रेषा आणि बोल्टची डोकी रंगवून घ्यावीत. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो व तेथे पातळ राहतो. गंजाची सुरुवात म्हणूनच कडेवर होते. या एका कामाला अर्धा तास लागतो आणि खर्च जवळपास शून्य असतो. साधा रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वर सिंथेटिक इनॅमल, ही जोडी गोड्या पाण्यातील ट्रेलरला चालते. खाऱ्या पाण्यासाठी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर अधिक टिकतो, परंतु तो जुन्या ऑइल पेंटवर देऊ नये. त्याच्या तीव्र थिनरने खालचा थर सुरकुततो. जस्तलेपित पृष्ठभागावर साधा प्रायमर धरत नाही, तेथे जस्तासाठीचाच प्रायमर लागतो. ग्रीसच्या निपलवर, रबरावर, चासिस क्रमांकाच्या पट्टीवर आणि दिव्यांच्या अर्थिंगच्या जागी रंग जाऊ देऊ नये.

लाकूड आणि चाके

बोट ज्या लाकडी आधारपट्ट्यांवर बसते, त्यांच्याकडे सहसा बोट उचलल्याशिवाय लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे शेतात उभ्या ट्रेलरच्या चाकांमागील ओंडक्यावरून वाळवी मातीच्या नळ्या बांधत वर चढते. महाराष्ट्रात शेतजमिनीत सर्वत्र आढळणारी ओडोन्टोटर्मिस प्रजातीची वाळवी पट्टीवर मातीचे लिंपण करून त्याखाली लाकूड खाते. भुंगा लागलेल्या लाकडाला टाचणीएवढी भोके दिसतात आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. पांढरट, नवे लाकूड त्याला अधिक बळी पडते, कारण त्यात स्टार्च असतो. सागाचे किंवा बाभळीचे गाभ्याचे लाकूड बरेच सुरक्षित असते. बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया भुंग्यावर प्रभावी आहे, पण ती पाण्याने धुऊन जाते. जे लाकूड पाण्यात उतरणार आहे त्यावर तिच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाचे लाकूड परिरक्षकांनी प्रक्रिया करून होड्यांसाठी वापरण्यायोग्य केले, आणि रबराचे लाकूड तर भुंग्याला फार प्रिय. गावपातळीवर मात्र गाभ्याची पट्टी घेणे, छेदलेल्या टोकांना रंगाचे तीन-चार हात देणे आणि ओंडक्याऐवजी दगड किंवा वीट वापरणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते.

चाकांचे बेअरिंग ट्रेलरचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रस्त्याने आलेला हब तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात गेला की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे. बेअरिंग काढून धुऊन पाहावे. खड्डे पडले असतील तर बदलावे, नसतील तर नवे ग्रीस भरून ऑइल सील मात्र नवेच घालावे. बोट उतरवण्यापूर्वी हब हाताला थंड लागेपर्यंत थांबणे ही सवय ट्रॅक्टरचालकाला लावता आली, तर वर्षानुवर्षांचा खर्च वाचतो. पुराच्या वेळी थांबायला सवड नसेल. अशा वेळी ओसरल्यानंतर लगेच हब उघडावेत. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, तिच्यातील पहिले दोन आकडे आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. न चालवलेला टायरही म्हातारा होतो. बाजूला भेगा पडल्या असतील तर नक्षी शाबूत असूनही त्याचा भरवसा नाही. ट्रेलर उभा ठेवताना अॅक्सलखाली आधार देऊन चाके जमिनीपासून किंचित उचललेली ठेवावीत.

बोट उताणी उघडी ठेवू नये, पालथी घालावी. तिच्यात आणि जुन्या सुट्या टायरांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास उन्हाळी तापमानात अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पुराच्या तयारीसाठी ठेवलेले साधनच डासांचे घर बनू नये.

ट्रॅक्टरच्या मालवाहू ट्रॉलीलाही हीच पद्धत लागू पडते. फरक इतकाच की ट्रॉलीत खताचा अंश लोखंडाला मिठासारखाच खातो, म्हणून खत वाहून झाल्यावर ती त्याच दिवशी धुवावी. बोटीच्या ट्रेलरच्या बाबतीत तपासणीचा दिवस मे महिन्यातील एखाद्या ग्रामसभेच्या दिवसाशी जोडून ठेवता येतो. त्या दिवशी हातोडी, टोच्या आणि तारेचा तुकडा घेऊन ट्रेलर तपासावा, बोट चढवावी, नदीपर्यंत नेऊन आणावी आणि परतल्यावर दिवे व हुकाची साखळी पुन्हा एकदा पाहून ठेवावी.