शेतीच्या हिशेबांत खुणांचा उपयोग

आपल्यापैकीं पुष्कळ शेतकरी हिशेब ठेवतात. परंतु तो हिशेब वर्षाअखेर एवढेंच सांगतो कीं, बियाण्यावर इतके रुपये गेले, खतावर इतके व मजुरीवर इतके. कोणत्या शेतानें कमावलें व कोणत्या पिकानें गमावलें, या प्रश्नास त्यांत उत्तर नसतें. पुढील हंगामीं काय लावावें हें मात्र याच उत्तरावर अवलंबून असतें. आपल्याच पुणें जिल्ह्यांत पिंपळे सौदागर येथें डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं घरोघरचें उत्पन्न, खर्च व कर्ज यांची पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. तें काम विद्वानांचें होतें. आज तसाच शोध प्रत्येक खातेदारास आपल्या घरापुरता घेतां येतो. त्याची रीत या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

जुन्या पद्धतींत रोजचा व्यवहार रोजकीर्दींत लिहावयाचा व तेथून तो खतावणींत त्या त्या खात्यावर चढवावयाचा. खतावणी म्हणजे रोजकीर्दीची एका दृष्टीनें केलेली वांटणी होय. तीच कीर्द शेतवार किंवा पीकवार वांटावयाची तर दुसरी खतावणी लिहावी लागे, आणि एवढे श्रम कोणी घेत नसे. संगणकावरील हिशेबानें हे श्रम वांचविले आहेत. त्यांत प्रत्येक नोंदीस खातें असतेंच. शिवाय तिला दोन-तीन खुणा लावतां येतात. या खुणेस 'टॅग' म्हणतात. टॅली या प्रणालींत हेंच काम 'कॉस्ट सेंटर' व 'कॉस्ट कॅटेगरी' या नांवांनीं चालतें. युरिया घेतला तर खातें 'खत' आणि खुणा 'विहिरीचा मळा', 'टोमॅटो', 'उन्हाळी'. नोंद एकदांच करावयाची. मग पाहिजे त्या खुणेचा गोषवारा यंत्र क्षणांत काढून देतें.

एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, कामथडीच्या एका खातेदाराचें वर्षाचें उत्पन्न १,९०,००० रुपये व खर्च १,४६,००० रुपये झाला. शिल्लक ४४,००० पाहून तो संतुष्ट आहे. आतां पिकाच्या खुणेनें पाहूं. भाताचें उत्पन्न ६०,०००, खर्च ४८,०००. उसाचें उत्पन्न ९०,०००, खर्च ५०,०००. टोमॅटोचें उत्पन्न ४०,०००, खर्च ४८,०००. म्हणजे टोमॅटोंत ८,००० रुपये बुडाले, आणि ही बूड उसाच्या नफ्याखालीं झांकून गेली होती. तेव्हां टोमॅटो सोडून द्यावा काय?

येथेंच घाई नडते. टोमॅटोच्या खर्चांत १८,००० रुपये मांडवाच्या बांबू व तारेचे आहेत, आणि हें साहित्य तीन हंगाम टिकणारें आहे. हंगामाची खूण नीट लावली तर या हंगामाच्या वांट्यास ६,००० च येतात; खर्च ३६,००० होतो व टोमॅटोंत ४,००० रुपये नफा दिसतो. चूक पिकाची नव्हती, खुणेची होती.

भाताची गोष्ट याच्या उलट आहे. लावणीस घरचीं माणसें राबलीं, पैऱ्याचीं माणसें आलीं व त्यांची फेड आपण अंगमेहनतीनें केली. रोख पैसा गेला नाहीं, म्हणून कीर्दींत कांहींच चढलें नाहीं. हे ४० दिवस दररोज ४०० रुपयांप्रमाणें धरले तर १६,००० होतात, आणि भाताचा १२,००० चा नफा जाऊन ४,००० तोटा उरतो. परंतु गुरांना घातलेला ७,००० रुपयांचा पेंढाही जमेस धरलेला नव्हता; तो धरतांच ३,००० शिल्लक राहतात. हीच कसोटी उसास व टोमॅटोसही लावावी, नाहीं तर तुलना न्याय्य होणार नाहीं. कृषि खर्च व मूल्य आयोगही असाच भेद करतो : हातून गेलेला खर्च तो 'ए-२', त्यांत घरच्या श्रमाचें मोल मिळविलें कीं 'ए-२ अधिक एफ-एल', आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याजही धरलें कीं 'सी-२'. पीक परवडलें असें म्हणतांना यांपैकीं कोणता खर्च धरला, हें आधीं स्पष्ट पाहिजे.

खुणा लावतांना चार गोष्टी सांभाळाव्या. पहिली, खुणांची यादी हंगामापूर्वींच ठरवावी व ती थोडकी असावी. एकदां 'टोमॅटो' व एकदां 'टमाटा' लिहिल्यास यंत्र तीं दोन पिकें समजतें. दुसरी, विहिरीवरील विजेचें बिल किंवा ट्रॅक्टरचें भाडें यांसारखा सामाईक खर्च तासांच्या वा क्षेत्राच्या प्रमाणांत वांटावा. वांटतां न आल्यास 'सामाईक' अशी खूण करावी, पण नोंद बिनखुणेची ठेवूं नये. तिसरी, जमेच्या बाजूसही खूण लावावी. घरीं खाण्यास ठेवलेलें धान्य त्या दिवसाच्या बाजारभावानें जमा धरावें. चौथी, सर्व पिकांच्या खुणांची बेरीज एकूण खर्चाइतकी आलीच पाहिजे; परंतु पीकवार व शेतवार बेरजा एकमेकींत मिळवूं नयेत, कारण तोच रुपया दोनदां मोजला जातो.

गोषवारा प्रश्न दाखवितो. निर्णय शेतकऱ्यानेंच करावयाचा असतो. पावसाळ्यांत पाणी तुंबणाऱ्या खाचरांत भातावांचून दुसरें काय येणार, हें यंत्रास ठाऊक नसतें. तथापि कोणत्या पिकाचें ओझें कोणतें पीक वाहत आहे, हें न कळतां केलेला निर्णय अंदाजाचाच होय. ज्यांच्याजवळ संगणक नाहीं त्यांनीं साध्या वहींत 'शेत' व 'पीक' असे दोन रकाने वाढवावे. बेरजेस एक संध्याकाळ लागेल इतकेंच; मात्र आरंभ हंगामाच्या पहिल्या खर्चापासून करावा. मागाहून आठवून लावलेली खूण बहुधा चुकीचीच असते.