चेंडू कोणाला द्यावा?

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना मराठीच्या तासाला तो खिडकीबाहेर मैदानाकडे पाहत बसे. आज तो येथील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा कर्णधार आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत त्याचा संघ 3 गोलांनी पराभूत झाला होता. पुढच्या हंगामातही असेच झाले, तर संघाला मिळणारी तुटपुंजी रक्कम बंद होईल, अशी समज त्याला देण्यात आली होती. चहाचा पेला तसाच हाती धरून तो म्हणाला, “सर, आमची मुले धावतात, झुंजतात, पण सलग तीन पास जुळत नाहीत. काय करावे?”

आम्ही पडलो मराठीचे मास्तर. फुटबॉलशी आमचा संबंध शाळेच्या मैदानावर शिटी फुंकण्यापुरता. तथापि हैदराबादेत हयात घालवलेल्या शिक्षकाने या प्रश्नाला पाठ दाखवावी, हे आम्हांस प्रशस्त वाटेना. कारण या देशाला पासांचा खेळ शिकवणारा थोर पुरुष याच नगरीतील एक शाळामास्तर होता.

सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव 2024 साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीच्या कानी पडले. रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. आपल्या मराठी वस्तीच्या काचीगुड्यातील मिडल स्कूलमध्येही त्यांनी अध्यापन केले होते. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग 5 वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि 1962 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला 2-1 असे नमवून त्याने सुवर्णपदक मिळवले. चेंडू जमिनीलगत ठेवावा, पायाशी घोळवत न बसता झटकन मित्राकडे द्यावा, ही त्यांची शिकवण. खेळाडूंचा दुबळा पाय सुधारावा म्हणून त्यांनी केवळ त्याच पायाने खेळायचे सामनेही भरवले. अंगबळ कमी असेल, तर चेंडूला धावू द्यावे, हे त्यांना उमगले होते.

आम्ही कर्णधाराला सांगितले, “अरे, औषध मागण्यापूर्वी रोग पाहू. सरावाच्या सामन्यात राखीव मुलाच्या हाती एक वही दे. त्यात तीन रकाने आख: पास कोणी दिला, कोणाला दिला, पोहोचला की नाही.”

तीन आठवड्यांनी तो वही घेऊन आला. निबंध तपासावेत तशी आम्ही ती तपासली. पहिली गोष्ट ही दिसली की, दोष नेहमीच देणाऱ्याच्या पायात नव्हता. चेंडू मिळालेल्या मुलाभोवती मदतीला कोणी येतच नसे; मग तो बिचारा चेंडू उंच भिरकावून मोकळा होई. दुसरी गोष्ट अधिक कटू होती. संघात शहरात राहणारी मुले होती आणि वसतिगृहातीलही होती. शहरातली मुले शहरातल्यांना पास देत, वसतिगृहातली वसतिगृहातल्यांना. वसतिगृहातला उजवा विंगर अर्धा-अर्धा सामना मोकळा उभा राही. त्याच्यामागेच खेळणाऱ्या शहरातील बचावपटूने त्याला चेंडू दिल्याची नोंद क्वचितच सापडे.

कर्णधार म्हणाला, “सर, हे मला ठाऊक नव्हते.” मग काही वेळाने खाली मान घालून म्हणाला, “ठाऊक होते. लिहिलेले पाहिले नव्हते.”

विचारपूस केल्यावर या दुराव्याचे एक कारण अगदी साधे निघाले. सराव संपेपर्यंत वसतिगृहाची जेवणाची वेळ टळून जाई. त्या मुलांना रोज थंड अन्न वाट्याला येई, अन् शहरातील मुलांना याचा पत्ताही नसे. सराव अर्धा तास अलीकडे घेतला गेला. कोणतेही नवे डावपेच शिकवण्यापूर्वी ही सुधारणा झाली, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

मग पायांकडे वळलो. पास देताना आधाराचा पाय चेंडूच्या शेजारी, लक्ष्याच्या दिशेने रोखलेला असावा. घोटा घट्ट ठेवून पावलाच्या आतल्या कडेने चेंडूच्या मध्यावर आघात करावा. घेणाऱ्याने चेंडू येण्यापूर्वीच मान वळवून मागे पाहावे आणि अंग अर्धे उघडे ठेवावे, म्हणजे चेंडूही दिसतो अन् समोरचा गोलही. पहिल्या स्पर्शात चेंडू पायाखाली दडपू नये, मोकळ्या जागेकडे न्यावा. पास दिल्यावर उभे राहू नये. पुन्हा घेता येईल अशा ठिकाणी सरकावे. पंगतीत वाढणारा पान कोठे आहे, त्यात काय उरले आहे हे पाहून वाढतो. पासाचेही तसेच आहे. भुकेल्याच्या पानात घास पडावा, अंगावर सांडू नये.

सरावासाठी 8-10 पावलांचा चौकोन आखून चौघे कडेला व एक मध्ये, असा खेळ ठरला. चेंडू गमावील त्याने मध्ये जायचे. आरंभी दोन स्पर्शांची मुभा, पुढे एकाचीच. रोज पंधरा मिनिटे भिंतीवर दुबळ्या पायाने पास मारायचे. सरावाच्या सामन्यात दोन्ही गटांतील मुलांचा पाय लागल्याखेरीज गोल धरायचा नाही, हा नियम कर्णधाराने स्वतः केला.

2019 पासून गोलकिकचा चेंडू स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रातच साथीदाराला घेता येतो. त्यामुळे मागूनच आखूड पासांनी चढाई रचता येते. मात्र सरावावाचून हे धाडस अंगाशी येते. शिवाय पासांची नुसती संख्या वाढवणे हे यश नव्हे. प्रतिस्पर्धी जागेवरून हलावा, हा पासाचा हेतू. समोर मैदान मोकळे असेल, तर एकच लांब पास दहा आखूड पासांहून मोलाचा.

आपल्यांपैकी अनेकांच्या घरी सायंकाळी चिखलाचे बूट दाराशी पडत असतील. मुलगा घरात आला की आपण विचारतो, “गोल केलास का?” एखादे दिवशी, “कोणाला पास दिलास?” असेही विचारून पाहावे.

पावसाळा सरला की सामने सुरू होतील. संघ जिंकेलच, असे भाकीत आम्ही करणार नाही. परवा कर्णधार वही ठेवून गेला. उजव्या बचावपटूच्या नावापुढे विंगरचे नाव आता पुन्हा पुन्हा दिसते. काही पास पोहोचलेले नाहीत, पण ते दिलेले आहेत. आम्ही जुन्या सवयीने लाल शाईचे पेन काढले आणि पानाखाली शेरा लिहिला : “प्रगती आहे. सराव चालू ठेवावा.”